मीठ कुणाचं? कंपनीचा कारभार आणि आपल्या घरचे संस्कार

कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं मिनिट बुक माझ्यासमोर उघडं होतं. संचालक मंडळाच्या बैठकीत काय ठरलं ते लिहून ठेवायची ही वही. वर्षभरातल्या चार बैठका, चार तारखा आणि चारही ठिकाणी कारखाना उभा करणाऱ्या अण्णांची लफ्फेदार सही. शाई एकाच पेनाची होती. सही वाळायच्या आत पान उलटल्यामुळे प्रत्येक सहीची फिकट, उलटी छाया समोरच्या पानावर उमटली होती. चारही बैठका एकाच दुपारी उरकलेल्या दिसत होत्या.

अण्णांच्या थोरल्या मुलाला विचारलं, "बैठका झाल्या होत्या ना?"

तो सरळपणे म्हणाला, "सर, अण्णांनी ठरवलं म्हणजे ठरलं. त्यांच्यापुढं आम्ही काय बोलणार?"

त्याच्या आवाजात भीती नव्हती, लबाडीही नव्हती. वडिलांबद्दलचा आदर होता, आणि तो खराच होता. शून्यातून कारखाना उभा केलेल्या माणसाबद्दल वाटावा तसा. पण त्या कंपनीत अण्णांखेरीज धाकट्या भावाचे शेअर आहेत, दोन जुन्या मित्रांचे आहेत, बँकेचं कर्ज आहे आणि साठएक कामगारांची घरं त्यावर चालतात. या सगळ्यांच्या वतीनं अण्णांना एखादा प्रश्न विचारायचा, तर तो कुणी? ज्यांनी विचारायचा ते संस्कारामुळे गप्प होते.

सांगलीत कंपन्यांची कागदपत्रं बघण्यात माझी बरीच वर्षं गेली. कंपनीचा कारभार कसा चालावा, या विषयावर दोन टोकाची मतं रोज कानावर पडतात. काही जण म्हणतात, हे कायदे बाहेरून आलेत, आपल्याकडं शब्दाला किंमत होती, तेवढी पुरे. दुसरे म्हणतात, संस्कार-बिंस्कार घरी ठेवा, धंदा नियमानं चालतो. मला दोन्ही अर्धवट वाटतात. उंबऱ्यावर चपला काढाव्यात तसे संस्कार काढून माणूस बोर्डरूममध्ये जात नाही, ते बरोबरच येतात. त्यातला कुठला खुर्चीत बसतो आणि कुठला कोपऱ्यात उभा राहतो, हे बघायला हवं.

आधी कॉर्पोरेट गव्हर्नन्स म्हणजे काय ते बघू. शेतातली सामाईक विहीर डोळ्यासमोर आणा. वाटेकरी चार, मोटार एकाच्या ताब्यात. बाकीच्या तिघांना पाळीप्रमाणं पाणी मिळतं का, लाइट बिलाचा हिशेब कोण ठेवतो, मोटार जळाली तर खर्च कुणी किती द्यायचा, आणि मोटार चालवणाऱ्यानं रात्री गुपचूप स्वतःच्या उसाला पाणी सोडलं तर ते कळणार कसं? याचं उत्तर देणारी व्यवस्था म्हणजे गव्हर्नन्स. कंपनीत मालक हजारो असतात आणि मोटार दोघा-चौघांच्या हातात असते. इंग्लंडमधल्या कॅडबरी समितीनं 1992 साली कंपनीला दिशा देण्याची आणि तिच्यावर नियंत्रण ठेवण्याची व्यवस्था अशी याची व्याख्या केली. आपल्याकडं 1999 मध्ये कुमारमंगलम बिर्ला समिती बसली, तिच्या शिफारशींवरून शेअर बाजारात नोंदणी असलेल्या कंपन्यांना नियम लागू झाले, पुढं 2013 चा कंपनी कायदा आला आणि 2015 मध्ये शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचे सविस्तर नियम आले. इतिहास एवढा पुरे.

आता आपल्या मुलखातलं बघू. शिवकाळात आणि पेशवाईत गावातला वतनाचा, हद्दीचा, वाटणीचा तंटा गोतसभेपुढं जायचा. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, आजूबाजूच्या गावांतली जाणती माणसं बसायची, दोन्ही बाजूंचं ऐकायची, साक्षीपुरावे तपासायची. मग निवाडा लिहिला जायचा, त्याला महजर म्हणत. त्यावर हजर असलेल्यांची नावं असायची. लिहिता न येणारा आपल्या धंद्याची निशाणी काढायचा. पाटलाची निशाणी नांगर. त्या खुणेचा अर्थ असा, की मी इथं होतो, मी ऐकलं, आणि उद्या कुणी विचारलं तर मी सांगेन.

2013 च्या कायद्याचं कलम 118 महजरापासून फार लांब नाही. बैठकीनंतर 30 दिवसांत इतिवृत्त लिहा, हजर संचालकांची नावं लिहा, आणि एखाद्या ठरावाला कुणी विरोध केला किंवा संमती दिली नाही, तर त्याचंही नाव लिहा, असं ते सांगतं. विरोध करणाऱ्याचं नाव कायदा मुद्दाम मागतो. मी आजवर चाळलेल्या घरगुती कंपन्यांच्या मिनिट बुकांत असं नाव मला जवळजवळ कधीच सापडलेलं नाही.

महजराचं कौतुक करताना एक गोष्ट दडवून चालणार नाही. त्या गोतसभेत सगळे सारखे नव्हते. जात ठरलेली, जागा ठरलेली, आणि बाईला तिथं स्वतःचा आवाज जवळपास नव्हताच. म्हणून "जुनं ते सोनं" म्हणत सगळंच उचलायचं नसतं. ही व्यवस्था हलवणारी माणसंही इथलीच होती. जोतीराव फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण, सावित्रीबाईंचं माहेर खंडाळा तालुक्यातलं नायगाव. सत्यशोधक विचारातून पुढं आलेल्या कर्मवीर भाऊरावांनी 1919 मध्ये कराड तालुक्यातल्या काले इथं संस्था काढली आणि तिला नाव दिलं रयत. प्रश्न विचारणं हीसुद्धा सातारा-सांगलीची परंपरा आहे, आणि ती मान देण्याच्या परंपरेइतकीच आपली आहे.

आता मिठाकडं येतो, कारण सगळा गुंता तिथंच आहे.

"मिठाला जागणं" ही आपल्याकडची मोठी गोष्ट. ज्याचं खाल्लं त्याच्याशी बेइमानी करायची नाही. कंपनीत संचालक म्हणून नेमलेला माणूसही हाच संस्कार घेऊन येतो. शेठनी मला बोर्डावर घेतलं, मान दिला, बैठकीचं मानधन दिलं, आता त्यांच्या शब्दाबाहेर कसं जायचं? तो मनानं प्रामाणिक असतो. त्याला फक्त मीठ कुणाचं हे कळलेलं नसतं. मानधनाचा चेक कंपनीच्या खात्यावरून निघतो. कंपनी शेठची एकट्याची नाही. कलम 166 म्हणतं, संचालकानं सद्भावनेनं वागावं, सर्व सभासदांच्या हितासाठी कंपनीची उद्दिष्टं पुढं न्यावीत आणि कंपनी, तिचे कामगार, भागधारक, समाज व पर्यावरण यांचं भलं बघावं. कायद्यानं निष्ठा रद्द केलेली नाही, तिचा पत्ता बदललाय. मीठ कंपनीचं आहे, तर जागायचंही कंपनीलाच.

एवढं पटलं की बरेच नियम सोपे होतात. संबंधित पक्षांशी व्यवहार, म्हणजे कंपनीनं संचालकाच्या स्वतःच्या फर्मकडून किंवा त्याच्या घरच्यांकडून माल घेणं, त्यांना जागा भाड्यानं देणं वगैरे. असे व्यवहार गुन्हा नाहीत. मुलाचा ट्रक चांगला असेल, भाव योग्य असेल, तर जरूर घ्या. पण आधी उघड सांगा, बाकीच्यांची मंजुरी घ्या आणि बाजारभावानं करा. पब्लिक कंपनीत ज्याचा हितसंबंध आहे त्यानं त्या चर्चेत भाग घ्यायचा नसतो. खाजगी कंपन्यांना 2015 मध्ये सवलत मिळाली, तिथं हितसंबंध जाहीर करून भाग घेता येतो. जाहीर करणं मात्र कुणालाच चुकत नाही.

इथं शिवाजी महाराजांचं 1676 चं एक पत्र आठवतं, प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलेलं. रयतेच्या भाजीच्या देठालाही मन होऊ देऊ नका, अशी त्यात ताकीद आहे. हात लावू नका म्हणून ते थांबत नाहीत, मनावरच बंधन घालतात. अधिकाराच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचं आधी मन जातं, हात नंतर जातो, हे त्यांना माहीत होतं. हितसंबंध आधी जाहीर करायला लावणारा कायदाही हात पुढं जायच्या आधीच थांबवू बघतो.

पण कायद्याला एक मर्यादा आहे, आणि ती आपल्या मराठी घरात लगेच उघडी पडते. कंपनी कायद्यात नातेवाईक म्हणजे कोण याची यादी आहे. नवरा-बायको, आई, वडील, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ, बहीण आणि अविभक्त कुटुंबातले सदस्य. यादी एवढीच. आता मनातल्या मनात तुमच्या घरच्या लग्नाची पत्रिका काढा. साडू कुठाय? मेहुणा? व्याही? मामा, भाचा, आतेभाऊ? कायद्याच्या लेखी हे परके. आपल्या लेखी? लेकीच्या सासऱ्याला, म्हणजे व्याह्याला, "तुमचा भाव जास्त आहे" असं तोंडावर सांगणं सख्ख्या भावाला सांगण्यापेक्षा शंभरपट अवघड. भाऊ रुसला तर दिवाळीला परत येतो. व्याही रुसला तर लेकीला सासरी ऐकून घ्यावं लागतं.

गोतावळा जिथं विस्तारानं मोठा आहे, तिथं कायद्याचा कागद जिथं संपतो त्याच्या पुढं किती तरी नाती सुरू होतात. त्या जागी संस्कारानंच काम केलं पाहिजे. माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येक घरगुती कंपनीला मी सांगतो, कायद्याची यादी पाळाच, शिवाय घरची एक यादी करा. लग्नात मानपान घेणारी सगळी माणसं त्या यादीत घाला. त्यांच्याशी व्यवहार असेल तर तो बोर्डापुढं तोंडानं सांगा आणि वहीत लिहा. कायदा एवढं मागत नाही. आपली नाती मागतात.

स्वतंत्र संचालकाचंही असंच आहे. शेअर बाजारात नोंदणी असलेल्या पब्लिक कंपनीत किमान एक तृतीयांश संचालक स्वतंत्र हवेत, म्हणजे प्रवर्तकांचे, कंपनी उभी करणाऱ्यांचे, नातेवाईक नकोत आणि त्यांच्याशी पैशाचे मोठे संबंध असलेले नकोत. पाच वर्षांच्या फार तर दोन मुदती, मग विश्रांती. वर्षातून किमान एकदा या लोकांनी मालक मंडळींशिवाय वेगळं बसायचं. रचना चांगली आहे. पण शाळेपासूनचा मित्र कायद्यानं स्वतंत्रच ठरतो, आणि ज्यांच्यामुळं आपल्या मुलाला नोकरी लागली त्यांच्यासमोर तोंड उघडत नाही, हे कुठल्याच फॉर्मवर लिहिलेलं नसतं.

साताऱ्याजवळ कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुली आहे. रामशास्त्री प्रभुणे तिथले. पेशव्यांचे न्यायाधीश. 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि राघोबादादा गादीवर आले. रामशास्त्र्यांनी चौकशी करून दोष त्यांच्यावरच ठेवला, याला देहान्त प्रायश्चित्त आहे असं तोंडावर सांगितलं आणि पद सोडून निघून गेले. शाळेत आपण ही गोष्ट धैर्याची म्हणून शिकतो. मला तीत आणखी एक दिसतं. त्यांचा पगार पेशव्यांच्या दौलतीतून येत होता आणि आता पेशवे होते राघोबादादा. मीठ कुणाचं या प्रश्नाला त्यांचं उत्तर होतं, दौलतीचं. गादीवर आज बसलेल्या माणसाचं नव्हे. दोनशे चाळीस वर्षांनंतर आपण कलम 166 मध्ये हेच लिहिलं.

याच्या उलट काय होतं तेही आपण बघितलंय. हैदराबादच्या सत्यम कंप्युटर्सच्या बोर्डावर मोठमोठ्या नावांचे स्वतंत्र संचालक होते. डिसेंबर 2008 मध्ये त्या बोर्डानं अध्यक्ष रामलिंग राजू यांच्या कुटुंबाशी जोडलेल्या मायटास नावाच्या दोन कंपन्या सुमारे 160 कोटी डॉलरना घ्यायला मंजुरी दिली. मायटास इंग्रजीत लिहून उलटं वाचा, सत्यम होतं. नातं नावातच लिहिलेलं होतं, आणि तरी बोर्डात ठराव मंजूर झाला. गुंतवणूकदारांनी आरडाओरडा केल्यावर काही तासांत तो व्यवहार मागं घ्यावा लागला, आणि 7 जानेवारी 2009 ला राजूंनी पत्र लिहून कबूल केलं की कंपनीच्या वह्यांतला हजारो कोटींचा पैसा अस्तित्वातच नाही. त्या संचालकांत कुणी अडाणी नव्हतं. बोलायची वेळ आली तेव्हा एवढ्या मोठ्या माणसासमोर कसं बोलायचं, हा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा संकोच आड आला असेल, असं मला वाटतं. 2013 च्या कायद्यात म्हणूनच लिहिलंय, की स्वतंत्र संचालकाच्या माहितीत आणि संमतीनं काही चुकीचं झालं, किंवा त्यानं काळजीनं काम केलं नाही, तर तो जबाबदार. गप्प बसणं आता सुटकेचा मार्ग उरलेलं नाही.

हे फक्त आपल्याकडचं नाही. जपानमध्ये वरिष्ठांचा मान राखायचा संस्कार आपल्यापेक्षाही घट्ट. तोशिबा कंपनीनं काही वर्षं मिळून सुमारे 15 हजार कोटी येनचा नफा जास्त दाखवल्याचं 2015 मध्ये बाहेर आलं. चौकशी समितीनं जी कारणं दिली त्यात एक होतं, वरिष्ठांच्या इच्छेविरुद्ध जाता येत नाही अशी कंपनीतली वृत्ती. वरून अवघड उद्दिष्ट यायचं, नाही म्हणणं शक्य नसायचं, मग आकडे वाकवायचे. ज्या शिस्तीनं तो देश उभा राहिला, तीच शिस्त हिशेबाच्या टेबलावर आली आणि घात झाला.

वडीलकीबद्दल माझं मत असं, की ती ठेवा, पण तिची जागा ठरवा. घरात शेवटचा शब्द अण्णांचा असू दे. बैठकीत मात्र शेवटी बोलणारे अण्णा असू देत. हा लहानसा बदल मी चार-पाच ठिकाणी करून पाहिला. वडीलधारा आधी बोलला की बाकीचे माना डोलावतात. तो शेवटी बोलला की धाकटा आधी बोलून गेलेला असतो, आणि मान कुणाचाच जात नाही.

साखर कारखान्यांबद्दल बोलल्याशिवाय या जिल्ह्यांतला लेख पुरा होत नाही. सहकारी कारखाना म्हणजे कंपनी नव्हे. तो 1960 च्या सहकार कायद्याखाली येतो आणि तिथं शेअर कितीही असोत, एका सभासदाला एकच मत. कागदावर यापेक्षा लोकशाही व्यवस्था शोधून सापडणार नाही. पण वार्षिक सभेला गेलेल्या कुणालाही तो आवाज माहीत आहे. विषय वाचून व्हायच्या आत मंडपातून "मंजूर, मंजूर" येतं. एका सभेत पुढच्या रांगेतला एक म्हातारा सभासद अहवाल हातात धरून उभा राहिला. पटका, धोतर, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. ऊसतोडणी-वाहतुकीचा खर्च मागच्या वर्षापेक्षा एवढा का वाढला, एवढंच त्याला विचारायचं होतं. मागून "बसा खाली" सुरू झालं. चेअरमननी स्वतः माईकवरून दंगा थांबवला, म्हाताऱ्याच्या हातात माईक द्यायला लावला आणि चीफ अकौंटंटला उभं करून उत्तर द्यायला लावलं. उत्तर निम्मं पटण्यासारखं होतं, निम्मं नव्हतं. पण त्या वर्षी बाकीच्या सभासदांनीही अहवालाची पानं उलटली, हे मी डोळ्यांनी बघितलं.

सभासदाच्या हातात खरोखर हत्यारं आहेत. सहकार कायद्याच्या कलम 83 खाली चौकशी मागता येते, कलम 88 खाली झालेल्या नुकसानीची जबाबदारी संचालकांवर निश्चित करता येते. ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे मिळावेत, हे 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. पण ही हत्यारं म्यानातच राहतात, कारण समोरचा आपला असतो. त्यांच्या आजोबांनी आपल्या आजोबांना शेअर दिलेला असतो, पोराच्या लग्नाला ते येऊन गेलेले असतात. पुन्हा तेच मीठ.

दानाबद्दल थोडंसं. गावात मंदिराचा जीर्णोद्धार, जत्रा, कुस्तीचं मैदान, सगळीकडं कारखानदाराकडं वर्गणी मागितली जाते आणि तो हात आखडत नाही. चांगली गोष्ट आहे. मात्र फलकावर स्वतःचं नाव आणि चेक कंपनीचा असेल तर ते दान नव्हे. विशिष्ट मर्यादेवरच्या मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या 2 टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. तो पैसा देणारी कंपनी असते, शेठ नव्हेत. स्वतःच्या पुण्यासाठी स्वतःच्या खिशात हात घालावा.

आणि बायका. ठरावीक आकाराच्या कंपन्यांत किमान एक महिला संचालक असलीच पाहिजे, असं 2013 च्या कायद्यानं सांगितलं. त्याआधीपासून आमच्याकडच्या खाजगी कंपन्यांत संचालकांची संख्या भरायला बायकोचं नाव घालतात. तिला कुठं सही करायची ते पेन्सिलनं फुली मारून दाखवलेलं असतं. मी अशा किती तरी फुल्या खोडरबरानं पुसल्यात.

त्या फुल्या बघितल्या की म्हसवड आठवतं. माण तालुका, सातारा जिल्ह्याचा दुष्काळी कोपरा. चेतना गाला सिन्हांनी तिथल्या बायकांबरोबर बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला, कारण प्रवर्तक सभासदांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बायका साक्षरता वर्गाला बसल्या. पुन्हा गेल्या तेव्हा त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितलं, कुठल्याही रकमेचं व्याज आम्हाला काढायला सांगा, आणि तुमच्या लोकांनाही कॅल्क्युलेटरशिवाय काढायला सांगा. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. आपल्या भाषेत उधारीच्या लायकीला आणि माणसाच्या अब्रूला एकच शब्द आहे, पत. या बायकांकडं पत होती, हिशेब होता, कागद तेवढा नव्हता. आमच्या बंगल्यांतल्या संचालक बाईंकडं कागद असतो, प्रश्न विचारायची मुभा नसते. परंपरा तीच, जिल्हे शेजारचे, आणि दोन टोकं.

ज्याच्या हातात सत्ता आहे त्यानं ती आपणहून वाटून दिल्याचं उदाहरणही लांब शोधायला नको. औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी. 1910 मध्ये याच राजांनी कुंडलजवळचा माळ लक्ष्मणराव किर्लोस्करांना दिला आणि त्यावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढं 1939 मध्ये, गांधीजींचा सल्ला घेऊन, त्यांनी आपल्या छोट्या संस्थानाला घटना दिली. गावानं पंच निवडायचे, त्यातून तालुक्याची सभा, त्यातून राज्याची. कुणी त्यांच्या गळ्याला हात घातलेला नव्हता. कारखाना मुलांच्या हाती देताना बापांचे हात थरथरतात तेव्हा मी त्यांना औंधची गोष्ट सांगतो. राजानं राज्य दिलं तरी औंधात त्याला राजाच म्हणत राहिले.

कुपवाडच्या त्या फाउंड्रीत पुढं काय झालं ते सांगतो. भंगार पुरवायचं काम अनेक वर्षं अण्णांच्या साडूंकडं होतं. कायद्याच्या यादीत साडू नाही, म्हणून कुठं नोंदही नव्हती. घरची यादी करायला बसलो तेव्हा धाकट्या सुनेनं, ती एम.कॉम. झालेली, तिनं ते नाव काढलं. खोलीत कुणी काही बोलेना. अण्णांनी चष्मा काढला, पंच्यानं पुसला, परत लावला.

"लिहा," ते म्हणाले. "साडूंचं नाव लिहा. आणि माझ्यामुळं कुणी अडायला नको, मी जरा बाहेर बसतो."

खाजगी कंपनी असल्यानं ते बसले असते तरी चाललं असतं. ते उठून व्हरांड्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसले. आत पाऊण तास चर्चा झाली. तीन ठिकाणचे भाव मागवायचे ठरलं. धाकट्या भावाचं म्हणणं पडलं, की काम साडूंकडंच राहू दे, निदान एक वर्ष, नाहीतर वहिनींना बहिणीला तोंड दाखवायचं अवघड होईल. थोरला मुलगा नको म्हणाला. त्या वहीत त्याचं नाव विरोधी मताखाली लिहिलं, तारखेसकट. काम एका वर्षासाठी साडूंकडंच राहिलं, भाव मात्र इतर दोघांच्या बरोबरीला आणला.

मग मुलगा बाहेर गेला आणि म्हणाला, "अण्णा, या आत. सही राहिलीय."